तीन ससे, एक वाटी आणि भुरीची दादागिरी. खाणं वाटून द्यायचं कसं?

अमळनेरची_ताई

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे तीन ससे आहेत, तिन्ही माद्या, सव्वा वर्षाच्या असतील. मुलीच्या हट्टापायी दोन आणल्या आणि दुकानदाराने तिसरी "घेऊनच जा ताई" म्हणून स्वस्तात दिली. भुरी, ढवळी आणि चिंगी. मागच्या पडवीत जाळी मारून जागा करून दिलीय, तिघी एकत्रच राहतात, एकमेकींना चाटतात, एकमेकींच्या अंगावर डोकं टाकून झोपतात, सगळं छान. भानगड आहे ती फक्त खाण्याच्या वेळी.

स्टीलच्या मोठ्या वाटीत पॅलेट (सशाचं दुकानात मिळणारं गोळ्यांचं खाद्य) टाकले की भुरी थेट वाटीतच जाऊन बसते. म्हणजे अक्षरशः पुढचे दोन पाय वाटीत. ढवळी बाजूने तोंड घालून जमेल तेवढं ओढते आणि चिंगी बिचारी लांब बसून बघते, मध्येच येते, एखाद दाणा तोंडात घेते आणि परत जाते. भुरी आता इतकी फुगलीय की उचलली तर हात भरून येतो आणि चिंगीच्या पाठीचा कणा हाताला लागतो. मी काय केलं तर वाटी अजून भरून टाकायला लागले, म्हटलं उरलेलं तरी चिंगीला मिळेल, तर भुरीच अजून जाड झाली. सकाळ संध्याकाळ एकेक वाटी शिगोशिग देते, वरून पोळीचा तुकडा, केळ, कधी गाजर. गवत रोज नसतं, मिळेल तसं.

सासूबाई म्हणतात, "मुकं जनावर शेतस त्या, त्यासले मोजी मोजी काय दी ऱ्हायनी?" पण मला काही हे बरोबर वाटत नाहीये. तीन पिंजरे करून वेगळं ठेवू का? पण वेगळं ठेवलं की ढवळी जाळीला नाक लावून बसते. काय करू सांगा.

भुसावळ_क्वार्टरवाला

ताई आधी एक सांगतो, वेगळं ठेवू नका. जुळलेली जोडी एकदा महिनाभर तोडली ना की परत एकत्र आणताना मारामारी होते, मी भोगलंय, एकीचा कान फाटला होता. माझ्याकडे आत्ता पाच आहेत.

तुमची भानगड वाटीत नाही, वाटीत काय आहे त्याच्यात आहे. पॅलेट म्हणजे सशासाठी मिठाई समजा, लग्नात बुंदीच्या ताटाभोवती पोरं जमतात तसं. भांडण मिठाईसाठी होतं, भाकरीसाठी नाही. आणि सशाची भाकरी म्हणजे वाळलेलं गवत. पोटात जाणाऱ्यातलं 80 ते 85 टक्के गवतच पाहिजे, ते 24 तास समोर पाहिजे आणि एका ठिकाणी नाही, तीन ससे तर निदान तीन चार ठिकाणी. एका कोपऱ्यातून भुरीने हाकललं तर चिंगी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन खाईल, भुरी चार ठिकाणी एकदम बसू शकत नाही. माझा अंदाज असा की प्रत्येकीला रोज तिच्या अंगाएवढा भारा लागतो. उरलं तर उरू द्या, ते खाली अंथरतातच.

पॅलेट सशाच्या वजनाच्या किलोमागे 25 ग्रॅम दिवसाला, ही वरची हद्द, तेवढं दिलंच पाहिजे असं नाही. गवत भरपूर असेल तर मी निम्मंच देतो. आणि वाटीने मोजू नका, वाटी कधी शिगोशिग कधी सपाट, घरात तीन माणसं टाकणार म्हणजे तीन मापं. किचनचा छोटा इलेक्ट्रिक काटा घ्या.

ससेसुद्धा त्याच काट्यावर मोजायचे, दर रविवारी. प्लास्टिकचा टब ठेवा, त्यात ससा बसवा, टबचं वजन वजा करा. केळीच्या काट्यावर व्यापारी वजनातून कट्टी कापतात तशी, फक्त इथे खरी कापायची 😄 वहीत लिहून ठेवा. डोळ्याला फरक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, केसाळ जनावर आहे, वरून सगळे गुबगुबीतच दिसतात.

आता पॅलेट द्यायचे कसे. मी वाटीच बंद केली. सकाळी जमिनीवर गवतात उधळून देतो, कोंबड्यांना दाणे टाकतात तसे. जिला खायचं तिने शोधून खावं, अर्धा तास उद्योग मिळतो आणि कुणालाच ढीग सापडत नाही. जी बारीक आहे तिचा वाटा मात्र वेगळा, तिला खोलीत घेऊन, दार लावून, मांडीजवळ बसवून. 15 मिनिटं. बाकीच्या दाराला नखं मारतात, मारू द्या.

एकदम बंद करू नका हां. सशाचं पोट फार नाजूक, दहा पंधरा दिवसांत हळूहळू पॅलेट कमी आणि गवत जास्त असं करा. पोळी मात्र आजपासून बंद केली तरी चालेल, पोळी बिस्कीट मुरमुरे काहीच नको.

शहादा_शेतकरी

एवढं ग्रॅम बिम काय मोजायचं भो, आमनाकडे 12 बकऱ्या एका गव्हाणीत खातात, जी तगडी ती जास्त खाते, हा निसर्गच आहे. गवताची अडचण असेल तर कडबा कुट्टी आणि थोडी सरकी ढेप द्या, चिंगी महिन्यात गोल होईल. मळ्यात हिरवी ज्वारी असेल तर तीपण कापून टाका.

भुसावळ_क्वार्टरवाला

काका राग मानू नका पण ससा म्हणजे लहान बकरी नाही. बकरी रवंथ करते, तिला चार कप्प्यांचं पोट. सशाला एकच पोट आणि मागे मोठं आंधळं आतडं, तिथे गवत आंबतं, त्याच्या मऊ मऊ द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या होतात आणि त्या तो परत खातो. बऱ्याच जणांना ते बघून किळस येते पण त्याच्यातच त्याची जीवनसत्त्वं असतात. पॅलेट आणि गोड जास्त झालं की त्या लेंड्या तो खात नाही, बुडाला चिकटतात, मग माशी बसते आणि अळ्या पडतात. ताई, भुरीचं बूड एकदा उलटं करून बघाच. जाड सशाची मान तिथपर्यंत वळतही नाही.

ढेप नकोच. सरकीत गॉसिपॉल असतं, ते सशाला बाधतं. कुट्टीसुद्धा नको, बारीक कापलेलं असलं की चावायचं कामच उरत नाही, शिवाय धूळ किती. लांब पानं पाहिजेत.

कडबा चालतो, दादर ज्वारीचा असेल तर त्याची वाळलेली पानं काढून द्या, जाड ताटं ते तसेच टाकून देतात. पण हिरवी कोवळी ज्वारी अजिबात नाही, काका तुम्हाला तर माहीतच आहे, पावसाचा ताण पडल्यावर फुटलेली कोवळी ज्वारी खाऊन गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. गाय आडवी होते तिथे सव्वा किलोचा ससा कुठे टिकणार.

शहादा_शेतकरी

किराळचं बरोबर आहे, ते मी बोलायला नको होतं. लहानपणी गोऱ्हा गेला होता आमचा.

मग बांधावरचा मारवेल द्या, ते गवत चांगलं. वाळवून ठेवला तर वर्षभर पुरतो. फक्त कपाशीच्या बांधाचा घेऊ नका, फवारणीचं अंगावर येतं, तणनाशक तर लोक बांधावरच मारू राहिले आता.

चोपडा_गृहिणी

मी पण सामील. आमच्याकडे दोनच आहेत पण सेम प्रॉब्लेम होता. इथे बाजारात गवताच्या पेंढ्या मिळतात त्यात लसूणघास जास्त असतो, तो देऊ का? मला भीती वाटते कारण सशाला कांदा लसूण चालत नाही असं वाचलं होतं म्हणून मी आजवर दिलाच नाही 🙈 आणि केळ किती द्यायचं? इकडे तर घरात घड लटकलेलाच असतो आणि आमचा ससा केळीचा वास आला की नाचतो.

धुळे_पांजरा

ताई लसूणघासचा आणि लसणाचा काही संबंध नाही, नावच तेवढं. ते द्विदल पीक आहे, म्हणजे मेथीच्या, हरभऱ्याच्या नात्यातलं. विषारी नाही. पण त्यात कॅल्शियम आणि प्रोटीन भरपूर असतं म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि गाभण, दूध पाजणाऱ्या मादीला चांगलं. मोठ्या सशाला रोज दिलं तर जास्तीचं कॅल्शियम लघवीतून बाहेर पडतं, लघवी खडूच्या पाण्यासारखी पांढरी दिसते, पुढे मुतखड्याचा त्रास. आठवड्यातून एखादी मूठ दिली तर हरकत नाही. शेवग्याच्या पाल्याचंही तेच. कांदा लसूण बटाटा खरंच नको, ते बरोबर वाचलंत.

केळ म्हणाल तर बोटाच्या पेराएवढं, तेही रोज नाही. जळगाव जिल्ह्यात हे पाळणं अवघड आहे मला माहितीये. गाजरही तसंच, गोड असतं, गाजराचा पाला मात्र खुशाल द्या. कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला, तुतीची पानं, दूर्वा, असं दोन तीन प्रकार मिळून ओंजळभर एका सशाला. पालक कमी.

आता अमळनेरच्या ताईंना एक विचारायचंय. तुम्ही लिहिलंय की चिंगी येते, एखाद दाणा तोंडात घेते आणि परत जाते. तो दाणा ती खाते का खाली टाकते? आणि भुरी नसताना, एकटीला दिलं तर पोटभर खाते का? हनुवटी ओली असते का? कारण सगळे भुरीच्या मागे लागलेत पण मला चिंगीचाच संशय येऊ राहिला. घाबरणारी बारीक मादी एकटी सापडल्यावर तुटून पडते. जी एकटी असतानाही खात नाही तिचं दुखणं वेगळं असतं, बहुतेक वेळा दाताचं.

अमळनेरची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कालच काटा आणला. भुरी 2 किलो 650, ढवळी 2 किलो 100, चिंगी 1 किलो 480. आणि मी ज्याला एक वाटी म्हणत होते ती शिगोशिग 120 ग्रॅम निघाली, म्हणजे दिवसाला 240! तिघींचं मिळून वजन सव्वासहा किलो, त्या हिशोबाने वरची हद्दच 155 च्या आसपास येते आणि त्यातलं बहुतेक एकट्या भुरीच्या पोटात. भुरीचं बूड बघितलं, चिकटलेलं होतं, कोमट पाण्याने हळूहळू सोडवलं, अळ्या नाहीत देवाची कृपा.

पांजरा दादा (दादा की ताई माहीत नाही, माफ करा), तुमचं वाचून आज सकाळी चिंगीला देवघरात घेऊन बसले. पॅलेट ठेवले. पळत आली, वास घेतला, एक उचलला, तोंड वाकडं करून चावल्यासारखं केलं आणि टाकला. असं चार वेळा. कोथिंबीर मात्र खाल्ली, तीपण पानंच, देठ टाकले. हनुवटीखालचे केस ओले आणि चिकट आहेत, मला वाटायचं पाण्याच्या वाटीमुळे. मी इतके दिवस भुरीला बोल लावत होते.

धुळे_पांजरा

ताईच आहे मी 🙂

बोल लावू नका स्वतःला, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे दात आठवड्याला 2 ते 3 मिलीमीटर. गवत चावून चावून ते झिजतात. गवत कमी आणि पॅलेट जास्त असलं की दाढा नीट झिजत नाहीत, त्यांना काट्यासारखी टोकं येतात आणि ती जिभेला नाहीतर गालाला टोचतात. भूक लागते म्हणून येते, दुखतं म्हणून टाकते. पुढचे दात बाहेरून दिसतात पण दाढा दिसत नाहीत, त्या डॉक्टरनेच आतून बघायला हव्यात.

मी डॉक्टर नाही, पण माझ्या सशाचं हेच झालं होतं म्हणून सांगते. तालुक्याच्या दवाखान्यात गाई म्हशींचा अनुभव दांडगा असतो, सशाच्या दाढा रोज बघितलेल्या नसतात, त्यामुळे आधी फोन करून विचारा की सशाच्या दातांचं काम करता का. दाढा घासायला भूल द्यावी लागते. कुणी म्हणालं आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा तर ठेवू नका, कुत्र्या मांजरांना ठेवतात कारण त्यांना उलटी होते. सशाला उलटी होतच नाही, आणि उपाशी राहिला तर आतडं थांबतं. घरी नेलकटरने दात कापायचा प्रयोग कुणी सुचवेल, अजिबात करू नका, दात उभा चिरतो.

आणि मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणून पाजू नका. आपण सर्रास घेतो ती अमॉक्सिसिलिन पोटात गेली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससाच जातो.

तोपर्यंत पॅलेट कोमट पाण्यात भिजवून लापशी करा, बिनसुईच्या सिरींजने गालाच्या बाजूने थोडं थोडं द्या. लेंड्यांवर लक्ष ठेवा. दहा बारा तास खाणं नाही आणि लेंडी नाही असं झालं तर सकाळची वाट बघू नका.

भुसावळ_क्वार्टरवाला

पांजरा ताईंनी बरोबर पकडलं, मी वाचूनसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

एक अजून टाकतो, एप्रिल मे चालू झाला की. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि सशाला तिशीतच त्रास सुरू होतो, त्याला घाम येत नाही, कानातून उष्णता बाहेर टाकतो. दुपारी तो खातच नाही, त्यामुळे दुपारी वाटी भरलेली बघून "आज कुणाला भूक नाही" असं समजू नका आणि वाटणीचा हिशोबही दुपारी करू नका. पहाटे 5 ला आणि रात्री ऊन उतरल्यावर द्या, ससे तसेही तेव्हाच जागे असतात. पाण्याची पण दोन तीन भांडी, मातीची, जड. नळीच्या बाटलीपेक्षा भांड्यातून जास्त पितात. पाण्यावरही दादागिरी होते हे लोकांच्या लक्षात येत नाही. पडवीला ओलं गोणपाट आणि बर्फाची बाटली कापडात गुंडाळून, ते आपलं नेहमीचंच.

अमळनेरची_ताई

तीन आठवडे झाले, राहिलेलं सांगून टाकते. जवळपास कुणी दाढांचं काम करणारं मिळालं नाही, शेवटी धुळ्यावरून नाशिकला नेलं. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये गवत अंथरून, वरून जाळी, आणि सोबत ढवळी, कारण एकटी नेली तर घाबरेल असं वाटलं. टोलवर एकजण म्हणाला कोंबड्या कुठे चालल्या 😅 डाव्या बाजूच्या दाढेला टोक होतं, जिभेला जखम झाली होती. घासून दिली, दुखण्याचं औषध दिलं, सकाळपर्यंत खात राहू द्या हे डॉक्टरांनी न विचारता सांगितलं तेव्हा मला पांजरा ताईंची आठवण आली. परत पाच सहा महिन्यांनी दाखवायचंय, पुन्हा वाढू शकतं म्हणाले.

पहिले दोन दिवस सिरींज, तिसऱ्या दिवशी स्वतःहून मारवेलाची काडी ओढून खाल्ली, मी आणि मुलगी दोघी श्वास धरून बघत होतो.

मारवेल माहेरून आणला, भावाने भारा बांधून दिला, बांधावरचाच पण फवारणी नसलेल्या. फळांच्या तीन टोपल्या जाळीला तीन बाजूंना बांधल्या, त्यात भरते. पॅलेट हळूहळू कमी करत तिघींना मिळून दिवसाला 90 ग्रॅमवर आणलेत. त्यातले 35 चिंगीचे, देवघरात दार लावून, बाकीचे गवतात उधळून. उधळलं की भुरी आधी जागच्या जागी फिरते, वाटी कुठे गेली म्हणून, मग शोधायला लागते. पळते तरी थोडी. रविवारचं वजन, भुरी 2 किलो 540, ढवळी 2 किलो 90 ग्रॅम, चिंगी 1 किलो 620.

सासूबाईंनी मोजमापाला शेवटपर्यंत नावं ठेवली, पण आता रविवारी टब त्याच आणतात आणि चिंगीचा आकडा मोठ्याने वाचतात. केळ मात्र त्या लपून देतात भुरीला असा मला दाट संशय आहे, तिच्या मिशांना वास येतो.

चोपडा_गृहिणी

आमच्याकडे लपून देणारे सासरे आहेत 😂 मी केळीचा घड आता माळ्यावर टांगलाय.